नुसते ओठ हलवा

माझ्या वडिलांना गाऊ नका असं मी सांगितलं, त्याला आता दीड वर्ष होऊन गेलं. सांगताना माझा आवाज अगदी सौम्य होता. वर्गात एखाद्याला चुका भरलेली वही परत करताना असतो तसा. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्या एका वाक्यामुळे घडलं आणि ते वाक्य माझं होतं.

नंदाखालजवळ आमची केळीची वाडी आहे. बाबा वाडी करतात, मी वसईतल्या एका शाळेत मराठी शिकवतो. आम्ही ख्रिस्ती. गावच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, रविवारच्या मिस्साला जे गायनमंडळ गातं, त्याचं काम बारा वर्षांपासून माझ्याकडे आहे. गाणी निवडायची, चाली बसवायच्या, पेटीवर बसायचं. बाबा त्या मंडळात माझ्या जन्माच्या आधीपासून. शेवटच्या रांगेत, खांबाला खेटून, ही त्यांची जागा. आता त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे, पण खांब सुटलेला नाही.

देवळातलं गाणं आठवड्यातून एकदा. घरातलं रोजचं. सकाळी उठून ते वाडीत जात, बावखलावरचा पंप सुरू करत आणि पाटाचं पाणी एकेका आळ्यात वळवता वळवता गात. बावखल म्हणजे वाडीच्या कडेचं आमचं तळं, पावसाचं पाणी साठवणारं. पंपाचा धडधडाट आणि त्यावर बाबांचा आवाज, हे दोन्ही मिळून आमच्या घरातली सकाळ व्हायची. देवळातली गाणी असत, लग्नातली असत, काही त्यांच्या आईकडून आलेली. केळी सोलताना गात, सायकल पुसताना गात, बशीत ओतलेल्या चहावर फुंकर घालताना मधेच थांबलेली ओळ चहा संपल्यावर पुढे नेत. मी दाढी करताना, बायको डबा भरताना, आई चुलीपाशी, सगळे त्या आवाजात वावरायचो. मात्र तो ऐकला, असं मला म्हणता येणार नाही. पंप बंद पडला तरच लक्षात येतं, तसंच ते होतं.

बाबांची आई किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातली होती. तिच्या तोंडी ण नव्हता. ती पानी म्हणायची, कोन म्हणायची, आणि तिच्याकडून तो न बाबांकडे आला. बोलताना त्यांनी तो बराच घालवला होता, गाताना मात्र आपसूक यायचा. शरण आलो म्हणायचं तिथे शरन आलो. मी मराठीचा शिक्षक. दहा वर्षं दर रविवारी तो न माझ्या कानाला टोचत होता आणि मी काही बोललो नव्हतो, याचा मला थोडा अभिमानही होता. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो. ती कागदावर नीट उतरत नाही, म्हणून इथे सगळ्यांचं बोलणं साध्या मराठीतच लिहितोय.

दीड वर्षापूर्वी मंडळाची चार गाणी रेकॉर्ड करून त्यांचा व्हिडिओ काढायचं ठरलं. कल्पना माझीच. चाली मी लावलेल्या होत्या आणि त्या कुठेतरी राहाव्यात असं मला वाटत होतं. गावातली निम्मी पोरं परदेशी आहेत, तीही ऐकतील, असं मी सगळ्यांना सांगितलं. तेही खरं होतं, पण दुसऱ्या क्रमांकाचं. गोखिवऱ्याला एका कारखान्यांच्या इमारतीत वरच्या मजल्यावर छोटा स्टुडिओ आहे. खाली प्लास्टिकचे डबे बनतात, वर गाणी. तिथले पन्नाशीचे गृहस्थ एका शनिवारी आमच्या सरावाला आले. कोणाला कुठे उभं करायचं हे त्यांना बघायचं होतं. त्यांनी खोलीत मधोमध एक माइक ठेवला, आम्ही दोन गाणी म्हटली आणि त्यांनी ती आम्हाला लगेच ऐकवली.

तो आवाज मी पहिल्यांदा बाहेरून ऐकला. वीस जणांच्या गाण्यात एक आवाज सुटा होता. थरथरणारा, प्रत्येक ओळीच्या शेवटी जरासा मागे राहणारा. आणि सगळे शरण म्हणून थांबल्यावर एकट्याचा शरन.

स्टुडिओवाले हेडफोन काढत म्हणाले, "सर, मागे एक कोणीतरी काका आहेत. ते लेट येतात. तेवढं बघा."

पुढच्या रांगेतल्या दोघीतिघी हसल्या. वाईट हेतूने नव्हे. बाबाही हसले. त्यांना कळलं नव्हतं की काय, हे मला आजही ठाऊक नाही. मी मात्र कानापर्यंत लाल झालो. त्या गृहस्थांना मी सांगितलं नाही की ते माझे वडील आहेत. "बघतो," एवढंच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी, मिस्सा आटपून जेवणं झाल्यावर, बाबा मागच्या अंगणात सुकेळ्यांना बसले होते. राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात वाळवायची आणि रोज उलटायची, हे त्यांचं हिवाळ्यातलं काम. आता आमच्या भागातही थोडेच लोक करतात. ते गात होते. मी समोर पाटावर बसलो आणि एक केळं सोलायला घेतलं. मला ते नीट जमत नाही. त्यांनी माझ्या हातातून घेतलं आणि दुसरं दिलं.

"बाबा, रेकॉर्डिंगचं बोलायचं होतं."

"बोल की. शर्ट कोणता घालायचा तो आईने काढून ठेवलाय."

"शर्टाचं नाही. त्या माइकला सगळे आवाज सारखे झेपत नाहीत. तुमचा आवाज जरा जाड आहे ना, तो वेगळा पडतो."

"मग मी लांब उभा राहतो."

"लांब राहूनही येतो तो. मी काय म्हणतो, तुम्ही या. तुमच्या जागीच उभे राहा. व्हिडिओत सगळे दिसायला पाहिजेत. फक्त गाऊ नका. नुसते ओठ हलवा."

त्यांनी हातातलं केळं चटईवर ठेवलं, शेजारचं सरळ केलं. मग विचारलं, "चारही गाण्यांना?"

"हो."

"कुठल्या ओळीला बिघडतं? सांग, म्हणजे तेवढीच सोडतो."

तिथे मला खरं सांगता आलं असतं. ओळ सांगितली असती, चार दिवस त्यांच्याबरोबर बसलो असतो, तर त्यांनी ती घोटून घेतलीही असती. मी म्हणालो, "तुमचं काही बिघडत नाही, बाबा. माइकचा प्रॉब्लेम आहे."

"बरं," ते म्हणाले आणि पुढचं केळं उचललं. मी उठून आत आलो. त्या दुपारी त्यांनी पुढे गाणं म्हटलं की नाही, याकडे माझं लक्ष नव्हतं.

रेकॉर्डिंगच्या दिवशी ते सगळ्यांच्या आधी तयार होते. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. मिनीबसमध्ये सगळ्यांना वाटायला डबा भरून सुकेळी घेतली होती. स्टुडिओवाल्यांनाही दिली, आणि ती कशी करतात हे त्यांना समजावून सांगितलं. मग शेवटच्या रांगेत जाऊन उभे राहिले. खांब नव्हता म्हणून हात मागे बांधले. पाच तास ते उभे होते. प्रत्येक वेळी गाणं थांबलं, परत पहिल्यापासून घेतलं, की तेही परत पहिल्यापासून ओठ हलवायचे. एकदा मी म्हटलं, बाबा, बसा थोडा वेळ. ते म्हणाले, "मी बसलो तर रांगेत फट दिसेल."

गाणी छान झाली. हे मला लिहावं लागतंय याचंही वाईट वाटतं, पण ती खरोखर छान झाली.

व्हिडिओ आल्यावर गावाने तो इकडून तिकडे पाठवला. माझं कौतुक झालं. माझ्यापेक्षा बाबांचं जास्त. कॅमेरा एकदा शेवटच्या रांगेवरून सावकाश फिरतो, आणि त्यात बाबांचा चेहरा असा दिसतो की गाणं जणू तिथूनच निघतंय. डोळे मिटलेले, मान किंचित वर. या वयात केवढा दम आहे, असं लोक त्यांना रस्त्यात थांबवून सांगत. एका संध्याकाळी कॅनडातून माझ्या चुलतबहिणीचा व्हिडिओ कॉल आला. आम्ही सगळे ओटीवर होतो, फोन आईच्या हातात.

"काका, मी तुमचा आवाज लगेच ओळखला," ती म्हणाली. "मुलांना म्हटलं, हा ऐका, हा माझ्या काकांचा आवाज. आमची वाडीच आठवली मला."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. आता काय सांगायचं, असं विचारल्यासारखं. मी खाली बघत माझ्या चपलेचा पट्टा लावायला लागलो.

"हो का," बाबा म्हणाले. "आला असेल." आणि मग, "सगळं याने बसवलंय हो. याची मेहनत."

मी त्यांच्यावर लादलेलं खोटं त्यांनी निभावून नेलं, वर श्रेय मला दिलं. मी तिथेच उठून सांगायला हवं होतं. मी चहा घेऊन येतो म्हणून आत गेलो आणि कॉल संपेपर्यंत आतच राहिलो.

त्यानंतरच्या रविवारी देवळात ते खांबापाशी उभे राहिले, आणि नुसते ओठ हलवले. मला पेटीवरून दिसलं. रेकॉर्डिंग संपलं आहे, आता गा, असं त्यांना सांगायचं माझ्या मनात आलं. पण त्या रविवारी गाणं स्वच्छ लागलं होतं. ओळी एकदम थांबत होत्या. मनात आलेलं मी मनातच ठेवलं. पुढच्या रविवारी तेच. मग ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला, संथ गाणी आली, ज्यांत एक जरी आवाज मागे राहिला तरी लगेच कळतं, आणि मला मनातून बरंच वाटलं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

घरात काय झालंय हे आईच्या लक्षात आलं. एके सकाळी ती माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली. बाहेर पंपाचा आवाज चालू होता.

"तुला काही वेगळं वाटतंय का?" तिने विचारलं.

"कशाचं?"

"तुझे बाबा गात नाहीत."

मी थांबून ऐकलं. नुसता पंप. किती दिवस नुसता पंप होता, मला सांगता येईना.

"घशाला काही झालं असेल," आई म्हणाली. "माझ्या भावाचं असंच झालं होतं. आधी आवाज बसला, मग कळलं. मला काही सांगत नाहीत ते. तू डॉक्टरकडे ने."

तिच्या भावाला घशाचा कॅन्सर होता. महिनाभर तरी ती ही भीती एकटीच बाळगून असणार. मी तिला म्हणालो, "नेतो." आणि बाबांना खरोखर डॉक्टरकडे नेलं. गाणं का थांबलं हे मला माहीत होतं, तरी नेलं. आईला खरं सांगण्यापेक्षा अपॉइंटमेंट घेणं मला सोपं गेलं.

जुन्या वसईत कान-नाक-घशाचे एक डॉक्टर आहेत. शनिवारी आम्ही बसने गेलो. डॉक्टरांनी बाबांना तोंड उघडायला लावलं, नळीने आत पाहिलं, आ म्हणायला सांगितलं. बाबांनी लांबलचक आ म्हटला. कितीतरी दिवसांनी तो सूर मी ऐकला. खालच्या पट्टीतला, थोडा कापणारा, पण भरलेला.

"घसा उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले. "त्रास काय होतो, काका?"

"मला काही नाही. याच्या आईला वाटतं."

"आवाज तर छान आहे तुमचा. गाता का?"

"गात होतो," बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी फाइल पिशवीत घातली.

बाहेर आल्यावर बाबांना चहा हवा होता. बाजारात एका जुन्या हॉटेलात आम्ही बसलो. चहा आणि पाव मागवला. त्यांनी पावाचा तुकडा चहात बुडवला आणि सहज म्हणाले, "आईला सांग, घसा चांगला आहे. उगाच काळजी करते."

मी म्हटलं, "बाबा, तुम्ही घरी का गात नाही?"

ते पाव खात राहिले. मग म्हणाले, "प्रयत्न केला रे. पंपावर सुरुवात करतो. एक ओळ म्हणतो. मग वाटतं, मागे राहिलो का? परत म्हणतो. मग तो अक्षराचा घोळ. मी कान देऊन ऐकलं, तर मी खरंच शरन म्हणतो. ते सुधारून म्हणेपर्यंत पुढची ओळ निघून जाते. पूर्वी मी गायचो तेव्हा मला ऐकू यायचं नाही. आता येतं. स्वतःला ऐकत गाता येत नाही मला."

म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं. माइकचं मी सांगितलेलं त्यांनी एक क्षणही खरं मानलं नव्हतं.

"तुम्हाला कोणी सांगितलं? अक्षराचं?" मी विचारलं. खरं तर विचारायची गरज नव्हती.

"कोणी कशाला सांगायला पाहिजे? ओळ विचारली तेव्हा तू सांगितली नाहीस. मग मीच शोधली." पावाचा आणखी एक तुकडा मोडून ते म्हणाले, "माझी आई तसंच म्हणायची. तिचंच ऐकून शिकलो मी ते गाणं. तिचं चुकलं असेल हे डोक्यातच आलं नाही कधी."

त्या वेळी मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "चुकीचं नाही बाबा, फक्त रेकॉर्डिंगला ते..." आणि वाक्य अर्धवट राहिलं. त्यांनी मान हलवली, जणू माझी अडचण त्यांना समजत होती. चहाचे पैसे मी द्यायच्या आत त्यांनी दिले.

घरी आल्यावर आई फाटकातच उभी होती. घसा चांगला आहे म्हटल्यावर तिने डोळ्यांना पदर लावला आणि आत गेली. मी तिच्यामागे स्वयंपाकघरात गेलो आणि तिला सगळं सांगितलं. सुकेळ्यांच्या अंगणात काय बोललो, स्टुडिओत काय झालं, कॉल चालू असताना मी चपलेचा पट्टा का लावत होतो. ती भाकरीचं पीठ मळत होती. माझं संपेपर्यंत ती मळतच राहिली.

"तुझा आवाज फुटला होता तेव्हाचं आठवतं तुला?" तिने विचारलं.

आठवत होतं. मी तेरा-चौदा वर्षांचा होतो. तेव्हाच बाबांनी मला पुढच्या मुलांच्या रांगेतून उचलून शेवटच्या रांगेत आपल्याशेजारी उभं केलं होतं. मला वाटायचं, मी मोठा झालो म्हणून मला मोठ्यांत घेतलं.

"मंडळाचे तेव्हाचे मास्तर घरी आले होते," आई म्हणाली. "म्हणाले, पोराचा आवाज फाटतोय, सण तोंडावर आलाय, दोन-तीन महिने त्याला घरी बसवा. तुझे बाबा म्हणाले, घरी नको, घरी बसवलं तर तो परत गाणार नाही. त्याला माझ्या बाजूला द्या, मी मोठ्याने गातो, त्याचा आवाज कोणाला ऐकू येणार नाही. आणि ते तसे गायले. सणाच्या मिस्सानंतर लोक हसले त्यांना, किती ओरडता म्हणून."

मला हे माहीत नव्हतं. तीस वर्षांहून जास्त काळ दोघांनी ते माझ्यापासून राखून ठेवलं होतं.

"तू त्यांना असं सांगायला नको होतंस," आई म्हणाली. एवढंच. मग तिने पहिली भाकरी थापायला घेतली.

पुढच्या शनिवारी सरावाला बाबा आले नाहीत, गुडघा दुखत होता. मी पेटी उघडायच्या आधी उभा राहिलो आणि मंडळाला सांगितलं, की व्हिडिओत माझे वडील गाताना दिसतात, पण ते गायलेले नाहीत. मीच त्यांना गाऊ नका असं सांगितलं होतं, आणि ते मला सांगायला चार महिने लागले. मग पुढच्या रांगेतल्या एक मावशी, बाबांच्याच वयाच्या, लग्नाआधीपासून मंडळात असलेल्या, चष्मा पुसत म्हणाल्या, "आम्हाला ठाऊक होतं. शेजारी उभा माणूस गात नाही हे कळत नाही होय? आम्ही बघत होतो, तू कधी सांगतोस ते."

मी पेटीच्या झाकणावरची धूळ पुसायला लागलो.

"आणि माझी पाळी कधी येणार, तेही सांगून ठेव. म्हणजे मी शर्टासारखी साडी काढून ठेवते." बाबांनी शर्टाचं मंडळात कोणाला तरी सांगितलं होतं तर. मावशी हसल्या नाहीत. मग त्यांनीच म्हटलं, "चल, सूर दे आता," आणि मी पेटी उघडली.

त्याच संध्याकाळी मी बाबांची माफी मागितली. ते ओटीवर गुडघ्याला तेल चोळत बसले होते. मी जे बोललो ते फार वाईट बोललो, असं काहीतरी म्हणालो. ते म्हणाले, "अरे, गाणी चांगली झाली ना? मग झालं." मी म्हटलं, रविवारपासून तुम्ही गा. ते म्हणाले, "बघू." माफी अशी पटकन मिळाली की ती मिळाली असं वाटलंच नाही. रविवारी ते खांबापाशी आले, ओठ हलवले आणि मिस्सा संपल्यावर माझ्या खांद्यावर थोपटून घरी गेले.

त्यांचं गाणं परत आणायला मी बरेच उपाय केले. त्यांच्या आवडीची गाणी मुद्दाम निवडली. त्यांना फोनवर जुन्या गाण्यांची यादी करून दिली. ते ती ऐकत, छान आहे म्हणत आणि फोन बाजूला ठेवत. जे झालं ते माझ्या उपायांनी झालं नाही. ते आईने केलं.

आई आयुष्यात कधी गायली नव्हती. देवळातही ती पुस्तक उघडून नुसती वाचायची. तिला सूर नाही, हे तीच सांगायची. मे महिन्यात एका सकाळी मी दाढी करत होतो आणि मागच्या अंगणातून गाणं ऐकू आलं. बाबांचंच गाणं, सासूकडून तिने शेकडो वेळा ऐकलेलं, पण चाल इतकी भलतीकडे गेलेली की मी वस्तरा खाली ठेवला. ती कपडे वाळत घालत होती. पलीकडे बाबा पाटाचं पाणी वळवत होते. ती मोठ्याने म्हणत होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा, तीच चूक, त्याच जागी.

चौथ्या दिवशी बाबांनी फावडं टेकवून तिकडून हाक दिली, "अगं, तिथे खाली जायचं आहे. तू वर कुठे निघालीस?"

"मला नाही जमत," आई म्हणाली. "कसं आहे ते?"

"असं," बाबा म्हणाले आणि म्हणून दाखवलं. एकच ओळ.

तिने ती परत चुकवली. त्यांनी परत म्हटली. मग पुढची. ती हातातली चादर तशीच धरून उभी होती. तिसऱ्या ओळीला तिने गायचं सोडून दिलं होतं, हे बाबांच्या लक्षात आलं नाही.

मी न्हाणीच्या खिडकीशी उभा होतो. तोंडाला साबण तसाच. मला रडू आलं असं लिहायला मला संकोच वाटतो, पण आलं. आईने मुद्दाम चुकवलं की तिला खरंच येत नव्हतं, हे मी तिला विचारलं आहे. ती म्हणते, "दोन्ही."

आता ते गातात. पूर्वीइतकं नाही. गाणी अर्धीच होतात, कधी दोन ओळींवर थांबतात. देवळात अजून ओठच हलवतात. आता तेच बरं पडतं, दम लागत नाही, असं सांगतात, आणि मी ते खरं धरून चालतो, कारण दुसरं काही धरायचा मला हक्क राहिलेला नाही. स्टुडिओतून मला पुन्हा फोन आला होता, आणखी गाणी करू या म्हणून. मी नंतर बघू म्हटलं.

सकाळी मी लवकर उठतो. दाढी, अंघोळ सगळं आटपून खाटेवर बसतो आणि ऐकतो. बायको विचारते, एवढ्या लवकर तयार होऊन काय करता. मी काही करत नाही. मागून आवाज येत असतो, आईची भांडी मधेच वाजतात, कोणीतरी चहाला हाक मारतं. एवढंच असतं. पन्नाशीच्या उंबरठ्यावर मला कळलं की हे सगळं मला कोणीतरी रोज देत होतं.

एक गोष्ट मात्र बदललेली नाही. वाडीतून शाळेला जायची माझी वाट बावखलाच्या कडेने आहे, आणि मी येताना दिसलो की बाबा थांबतात. रागाने नाही. त्यांना कळतही नसावं. मी जवळ येतो, ते गाणं सोडून विचारतात, "निघालास?" मी म्हणतो, "हो." मागे वळून पाहिलं तर ते पाण्याकडे बघत असतात, आणि मी दिसेनासा होईपर्यंत गात नाहीत. म्हणून गेले काही महिने मी पुढच्या दाराने निघतो. शेजाऱ्यांच्या कुंपणाला वळसा घालून रस्त्यावर यावं लागतं, पाच-सात मिनिटं जास्त लागतात, एक-दोनदा बसही चुकली आहे. आईने एकदा विचारलं, हा लांबचा रस्ता कशाला. मी म्हटलं, चालणं होतं तेवढंच.